घरच्या दिव्यासाठी मायक्रोकंट्रोलरचा डिमर: २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू

श्रावण लागला की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या कामाच्या टेबलावर दोन-तीन तरी डिमर दुरुस्तीला येतात. कुणाला गणपतीसमोरचा दिवा आरतीच्या वेळी हळूहळू उजळायला हवा असतो, कुणाला हौशी नाटकाचा स्पॉट प्रवेश संपताना सावकाश विझवायचा असतो, तर कुणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन आलेला असतो. मुले उत्साहाने प्रोग्रॅम दाखवू लागतात आणि मी आधी बोर्ड उलटा करून सोल्डरिंगची बाजू पाहतो. डिमरमध्ये प्रोग्रॅमचा भाग सोपा आहे. तो चुकला तर दिवा लुकलुकेल, एवढेच. बोर्डाच्या खालच्या बाजूला २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट यांच्यातले अंतर चुकले, तर हातात धरलेल्या नॉबमध्ये वीज उतरते. म्हणून या लेखात त्या अंतरावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

ज्यांनी आजवर मेन लाइनवर काहीच काम केलेले नाही, त्यांनी पुढे दिलेल्या १२ व्होल्टच्या चाचणीपर्यंतच यावे आणि त्यापुढचा टप्पा जाणकार माणूस शेजारी असतानाच करावा. येथे सांगितलेला डिमर तीन पिनांच्या प्लगवर चालणारा वेगळा डबा आहे. तो भिंतीतल्या स्विचबोर्डात बसवायचा झाल्यास ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दिवा मंद कसा होतो

आपल्या घरात येणारा वीजदाब २३० व्होल्ट म्हणून ओळखला जातो, परंतु लाट आपल्या माथ्यावर असताना तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. लाइन २५३ व्होल्टवर असेल तर हा माथा ३५८ व्होल्टच्या आसपास जातो. वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे एक अर्धी लाट बरोबर १० मिलिसेकंदांची असते आणि दाब एका सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो. ट्रायक हा असा स्विच आहे, की त्याच्या गेटला (चालना घेणाऱ्या पायाला) क्षणभर चालना दिली की तो प्रवाह शून्यावर येईपर्यंत चालूच राहतो आणि शून्यावर आपोआप बंद होतो. तेव्हा मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपने) शून्यबिंदू, म्हणजे दाब शून्यातून जाण्याचा क्षण, ओळखायचा, ठरलेला वेळ थांबायचे आणि गेटला चालना द्यायची, एवढेच त्याचे काम. जितका जास्त थांबाल, तितका लाटेचा कमी भाग दिव्याला मिळेल.

येथे नवशिक्यांची एक समजूत हमखास चुकते. ५ मिलिसेकंद थांबल्यावर साध्या तारेच्या बल्बला निम्मी शक्ती मिळते हे खरे, पण २.५ मिलिसेकंद थांबल्यावर पाऊण शक्ती मिळत नाही, तर सुमारे ९१ टक्के मिळते; आणि ७.५ मिलिसेकंद थांबल्यावर पाव नव्हे, तर अवघी ९ टक्के उरते. लाटेच्या कडा दुबळ्या असतात, सगळा जोर मधोमध असतो. त्यामुळे नॉबचे फिरणे आणि थांबण्याचा वेळ यांचे सरळ गुणोत्तर ठेवले, तर नॉब पहिल्या पाव भागात फिरवूनही दिव्यात फरक दिसत नाही आणि मधल्या थोड्या अंतरात दिवा एकदम खाली येतो. ९० टक्के शक्तीसाठी २.५९ मिलिसेकंद, ७५ टक्क्यांसाठी ३.६८, निम्म्यासाठी ५, पाव शक्तीसाठी ६.३२ आणि १० टक्क्यांसाठी ७.४१ मिलिसेकंद, असे आकडे प्रोग्रॅममध्ये कोष्टक म्हणून भरून ठेवावेत आणि मधल्या किमती त्यांवरून काढाव्यात.

कोणता दिवा लावायचा, हे आधी ठरवावे

सुटे भाग आणण्याआधी डिमरवर काय चालणार आहे ते नक्की करावे, कारण ट्रायकची निवड त्यावरच अवलंबून असते. तारेचा बल्ब आणि २३० व्होल्टचा हॅलोजन हे सर्वांत सोपे. एलईडी बल्ब घ्यायचा असेल तर त्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ असे छापलेले असलेच पाहिजे; तसे नसलेला बल्ब काही दिवस चालल्यासारखा वाटतो आणि मग त्याच्या आतले सर्किट जाते. पंखा, चोकची ट्यूब, सीएफएल, मोबाइलचा चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर यांना या डिमरवर अजिबात लावू नये.

गणपतीच्या सजावटीतल्या स्वस्त एलईडी माळा वेगळ्याने सांगायला हव्यात, कारण दरवर्षी त्यांचाच घोळ होतो. अशा बहुतेक माळांच्या छोट्या डबीत दाब उतरवण्यासाठी एक कॅपॅसिटर असतो. ट्रायक लाटेच्या मध्यावर एकदम चालू झाला की त्या कॅपॅसिटरमधून क्षणभर फार मोठा प्रवाह धावतो. माळ मंद होण्याऐवजी तिचे पहिले काही दिवे काळे पडतात. माळा मंद करायच्याच असतील तर १२ व्होल्ट डीसीची पट्टी घ्यावी आणि ती मॉस्फेटने (डीसीसाठीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालवावी. त्यात मेन लाइनला हातही लावावा लागत नाही.

सुटे भाग

तारेच्या बल्बांसाठी बीटीए१६-६०० हा ट्रायक घ्यावा. त्याची धातूची पाठ आतून विलग केलेली असते, आणि बल्बची तार तुटताना होणारा क्षणिक झटका तो अधिक सहज सोसतो. कमी वॅटच्या डिमेबल एलईडीसाठी मात्र तो योग्य नाही: चालू राहण्यासाठी त्याला स्वतःलाच दहाच्या काही पट मिलिअँपिअर प्रवाह लागतो, आणि ९ वॅटचा बल्ब तेवढा सतत घेत नसल्यामुळे ट्रायक मध्येच सुटतो व दिवा थरथरतो. तेथे बीटी१३६-६००ई बरा, त्याला १५ मिलिअँपिअरच्या आतच पुरते. पण लक्षात ठेवावे, की बीटी१३६ ची धातूची पाठ थेट एमटी-२ ला (ट्रायकच्या दोन मुख्य टोकांपैकी एकाला, दुसरे एमटी-१) जोडलेली असते, म्हणजे ती मेन लाइनचाच भाग असते. तिला बोट, डब्याचा पत्रा किंवा दुसऱ्या ट्रायकचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागता कामा नये.

गेटला चालना देणारा ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेने न जोडता प्रकाशाने संकेत पोचवणारी आयसी) एमओसी३०५२ घ्यावा. अनेक ठिकाणी एमओसी३०२१ सांगितलेला असतो. तो चालतो, पण त्याची सहनशक्ती ४०० व्होल्टची आहे आणि आपल्या लाटेचा माथा ३५८ पर्यंत जाऊ शकतो. वडगाव-खासबागेत यंत्रमागांच्या मोटारी आणि उद्यमबागेत कारखान्यांची मोठी यंत्रे सतत चालू-बंद होत असतात, आणि त्या लाइनवरचे झटके पाहता मला ६०० व्होल्टचा ३०५२ अधिक भरवशाचा वाटतो. मात्र एमओसी३०४१, ३०६१ किंवा ३०६३ कधीही घेऊ नये. दिसायला ते हुबेहूब तसेच, सहा पायांचेच असतात, पण त्यांच्या आत शून्यबिंदूजवळच चालू होण्याची व्यवस्था असते. एकदा मला दुकानातून ‘एकच आहे, घ्या’ म्हणून ३०४१ मिळाला होता आणि मी क्रमांक न पाहता तो बसवला. गेटचा स्पंद (चालनेची पल्स) छोटा ठेवला की दिवा पेटत नव्हता, लांब ठेवला की पूर्ण पेटत होता, मधले काहीच नाही. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. तेव्हापासून आयसीवरचा क्रमांक दुकानातच, उजेडात तिरका धरून वाचतो.

शून्यबिंदू ओळखण्यासाठी एच११एए१ हा ऑप्टोकपलर, त्याच्या आधी ३३ किलोओहमचे एक वॅटचे दोन रेझिस्टर मालिकेत. ६६ किलोओहमचा एकच रेझिस्टर न घेता दोन घेण्याचे कारण असे, की दोघांत मिळून जवळजवळ एक वॅट उष्णता होते आणि दाबही दोघांत विभागला जातो. शिवाय एक आतून शॉर्ट झाला तरी दुसरा उरतो. गेटच्या मार्गात ३९० ओहम, अर्धा वॅट. मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला एमओसीच्या एलईडीसाठी २७० ओहम आणि एच११एए१ च्या कलेक्टरला (संकेत बाहेर देणाऱ्या पायाला) ५ व्होल्टकडे १० किलोओहम.

त्याशिवाय दोन पोल (फेज आणि न्यूट्रल) तोडणारा स्विच, १ अँपिअरचा सावकाश उडणारा काचेचा फ्यूज, २७५ व्होल्टचा एमओव्ही (लाइनवरचे झटके शोषणारा भाग), ‘एक्स-२’ असे छापलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि ५ व्होल्टसाठी पूर्ण विलग असलेले छोटे पॉवर मॉड्यूल लागेल. एक्स-२ च्या ऐवजी ‘४०० व्होल्टचा आहे ना’ म्हणून साधा कॅपॅसिटर लावू नये. एक्स-२ जातीचा कॅपॅसिटर मेन लाइनवर बसवण्यासाठीच बनवलेला असतो, साधा शॉर्ट होऊन पेटू शकतो. आणि ५ व्होल्टसाठी कॅपॅसिटरने दाब उतरवणारे बिनट्रान्सफॉर्मरचे सर्किट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ते वापरले की अर्डुइनो (मायक्रोकंट्रोलरचा तयार बोर्ड), नॉब, यूएसबीची तार हे सगळे मेन लाइनला जोडले गेले असे समजावे.

जोडणी

फेज प्रथम स्विचकडे आणि तेथून फ्यूजकडे जावा. फ्यूजच्या नंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एमओव्ही आणि एक्स-२ कॅपॅसिटर येतात. त्या कॅपॅसिटरला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत लावावेत, म्हणजे प्लग काढल्यावर पिनांना बोट लागून झटका बसणार नाही. पुढे फेज ट्रायकच्या एमटी-१ ला, एमटी-२ दिव्याला, आणि दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला. एमओसीचे चार आणि सहा क्रमांकाचे पाय गेट व एमटी-२ यांच्यामध्ये, ३९० ओहममधून. गेटचा प्रवाह एमटी-२ कडून आला पाहिजे. घाईत तो एमटी-१ कडून घेतला जातो आणि मग ट्रायक कधीच चालू होत नाही. एमओसीचे तीन व पाच क्रमांकाचे पाय मोकळे ठेवावेत, पाचव्याला तर काहीच जोडू नये.

ट्रायकला समांतर रेझिस्टर आणि कॅपॅसिटरची जोडी, म्हणजे स्नबर, सगळीकडे दाखवलेली असते. बल्बसारख्या भाराला तिची फारशी गरज नसते आणि एलईडीला ती त्रासच देते. ०.१ मायक्रोफॅरडच्या स्नबरमधून ट्रायक बंद असतानाही ७ मिलिअँपिअर गळतात आणि रात्री खोलीत एलईडी भुतासारखा मिणमिणत राहतो. लावायचाच असेल तर ०.०१ मायक्रोफॅरड, एक्स-२ जातीचा, १०० ओहमबरोबर लावावा. गळती मिलिअँपिअरच्या आत राहते.

ट्रायक लाटेच्या मध्यावर झटकन चालू होतो, त्याचा रेडिओवर घुरघुराट येतो. घरात मीडियम वेव्हवर धारवाड आकाशवाणी ऐकणारे कुणी वडीलधारे असतील तर तक्रार पहिल्याच दिवशी येईल. फेजच्या मार्गात, ट्रायकच्या आधी, भाराचा प्रवाह पेलणारा गोल गाभ्याचा चोक (तारेचे वेटोळे) घालावा.

बोर्डावरची भिंत

ब्रेडबोर्डवर मेन लाइन कधीही आणू नये. छिद्रांचा डॉटेड बोर्ड वापरता येतो, पण त्यातल्या दोन छिद्रांतले अंतर २.५४ मिलिमीटर आणि त्यांच्या तांब्याच्या टिकल्यांतले अंतर त्याहून कमी असते. आधी बोर्डावर मार्करने एक सरळ रेघ मारावी. रेघेच्या एका बाजूला मेन लाइनचे सर्व काही, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्टचे. ही रेघ फक्त तिघांनी ओलांडायची: एमओसी, एच११एए१ आणि पॉवर मॉड्यूल. दोन्ही बाजूंच्या तांब्यामध्ये कोठेही निदान ६ मिलिमीटर, शक्य तेथे ८ मिलिमीटर अंतर ठेवावे. ऑप्टोकपलरच्या पायांच्या दोन ओळींत ७.६२ मिलिमीटर असतात, म्हणजे जागा मुळातच काठोकाठ आहे. आयसीच्या पोटाखालच्या दोन ओळींतल्या टिकल्या धारदार ब्लेडने खरवडून काढाव्यात आणि मधोमध कानसीने एक लांबट खाच पाडावी. खाचेत धूळ आणि ओल यांचा पूल बनत नाही.

सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवावा. हे मी एका पावसाळ्यात शिकलो. खानापूरच्या पलीकडच्या एका घरी बसवलेला डिमर मे महिन्यात उत्तम चालला, आणि जुलैत नॉब शून्यावर असतानाही दिवा आपोआप पेटू लागला. बोर्ड पाहिला तर गेटच्या टिकल्यांभोवती सोल्डरच्या फ्लक्सचा पिवळट, चिकट थर तसाच होता, त्यावर ओल धरली होती आणि त्यातून गेटला गळतीचा प्रवाह मिळत होता. धुऊन, उन्हात वाळवून, मेन लाइनच्या बाजूला इन्सुलेटिंग वार्निशचे दोन हात दिल्यावर तो अजून चालतो आहे. गळती गेटऐवजी रेघ ओलांडून ५ व्होल्टकडे गेली असती, तर त्या घरातल्या माणसाला नॉबमधून झिणझिण्या आल्या असत्या.

अथणी-गोकाककडच्या कोरड्या भागात ओलीचा प्रश्न नाही, तेथे उन्हाळा नडतो. ट्रायक चालू असताना त्याच्यावर सुमारे एक व्होल्ट उरतो, म्हणून २०० वॅटच्या भाराला त्यात जवळपास ०.९ वॅट उष्णता होते. हीटसिंकशिवाय ती त्याचे तापमान भोवतालपेक्षा पन्नासएक अंशांनी वाढवते. बाहेर ४० अंश आणि बंद डब्यात आणखी पंधरा धरले, तर आपण १२५ अंशांच्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. म्हणून १०० वॅटच्या वर छोटा हीटसिंक लावावाच आणि या डब्याची मर्यादा २०० वॅट मानावी.

डबा सहज पेट न घेणाऱ्या प्लॅस्टिकचा असावा. पत्र्याचा घेतल्यास अर्थिंगची तार रंग खरवडून, वॉशर आणि दोन नटांनी पत्र्याला घट्ट बांधावी; मात्र जुन्या वाड्यांत आणि खेड्यांत तिसऱ्या पिनेच्या भोकामागे अनेकदा तारच नसते, हे आधी तपासून घ्यावे. केबल ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची, डब्यात शिरताना केबल ग्लँडने (तार आवळून धरणाऱ्या बुचाने) आवळलेली असावी. नुसती गाठ मारून भागवू नये. नॉबचा दांडा प्लॅस्टिकचाच घ्यावा. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तमच, पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले तर ते पडत नाही.

प्रोग्रॅम

एच११एए१ चा कलेक्टर लाटेच्या बहुतेक काळात शून्याजवळ असतो आणि शून्यबिंदूच्या आसपास वर उचलला जातो. त्यामुळे मिळणारा स्पंद साधारण एक ते दीड मिलिसेकंद रुंद असतो आणि खरा शून्यबिंदू त्याच्या मधोमध असतो, चढत्या कडेवर नसतो. हे न ओळखल्यामुळे बऱ्याच डिमरांत सगळे वेळ अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने चुकतात. म्हणून इंटरप्ट (मुख्य प्रोग्रॅम क्षणभर थांबवणारी हाक) चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर घ्यावा, स्पंदाची रुंदी मोजावी, पाच-दहा स्पंदांची सरासरी काढावी आणि चढत्या कडेच्या वेळेत त्याची निम्मी रुंदी मिळवून तो शून्यबिंदू धरावा.

थांबण्यासाठी ‘डिले’ची आज्ञा वापरू नये, हार्डवेअर टायमर वापरावा. अर्डुइनो नॅनोचा सोळा बिटांचा टायमर आठाने भागून चालवला, की त्याची एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते आणि १० मिलिसेकंदांच्या वीस हजार टिका त्यात सहज मावतात. एका तुलनेवर गेटची पिन वर करावी, दुसरीवर १०० मायक्रोसेकंदांनी खाली घ्यावी. मुख्य प्रोग्रॅममधून थांबण्याचा आकडा इंटरप्टला देताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवावेत. आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तो आकडा दोन हप्त्यांत लिहिला जातो, आणि मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना व अर्धा नवा आकडा वाचला जाऊन दिवा अधूनमधून उगाच चमकतो. ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर) वापरणाऱ्यांनी वाय-फाय चालू असताना असे चमकणे अधिक दिसेल याची तयारी ठेवावी, आणि त्याची पिन ३.३ व्होल्टची असल्यामुळे एमओसीचा एलईडी लहान ट्रान्झिस्टरमधून चालवावा.

थांबण्याचा वेळ ८.५ मिलिसेकंदांच्या पुढे कधीही जाऊ देऊ नये. स्पंद पुढच्या अर्ध्या लाटेत शिरला तर ट्रायक तिच्या सुरुवातीलाच चालू होतो, आणि सर्वांत मंद ठेवलेला दिवा एकाएकी पूर्ण पेटतो. त्याहून मंद हवा असल्यास दिवा सरळ बंद करावा. मागच्या शून्यबिंदूपासून ८ मिलिसेकंदांच्या आत आलेली चढती कड खोटी समजून सोडून द्यावी. आणि ३० मिलिसेकंदांत एकही शून्यबिंदू आला नाही, तर गेटला चालना देणेच थांबवावे.

लोडशेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा बल्बची तार थंड असते आणि तिचा रोध गरम असतानाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. म्हणून दिवा दर वेळी शून्यापासून दोन सेकंदांत, म्हणजे दोनशे अर्ध्या लाटांत, हळूहळू वर न्यावा. गणपतीच्या मंडपात जनरेटर असतो आणि त्याची वारंवारता ५० वर स्थिर राहत नाही. त्यासाठी १० मिलिसेकंद हा आकडा पक्का न लिहिता दोन शून्यबिंदूंतले अंतर मोजत राहावे आणि सगळे वेळ त्याच्या प्रमाणात काढावेत. घरगुती इन्व्हर्टरची लाट चौकोनी असेल तर हा डिमर त्यावर नीट चालणार नाही.

आधी १२ व्होल्ट, मग २३०

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची तीच आहे. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्याची मेन लाइनची बाजू फ्यूजसह बंद डबीत ठेवावी, आणि बाहेर आलेल्या १२ व्होल्ट एसीवर संपूर्ण डिमर चालवावा. दिवा म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पुरतो. या वेळी ५ व्होल्टचे मॉड्यूल जोडू नये, अर्डुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवावा. ६६ किलोओहमच्या जागी तात्पुरता ३.३ किलोओहम लावला की शून्यबिंदूचा स्पंद मेन लाइनवर मिळतो जवळपास तसाच मिळतो. बीटीए१६ वापरत असाल तर गेटचा ३९० ओहमही तात्पुरता १०० करावा, कारण १२ व्होल्ट एसीचा माथा १७ व्होल्टचाच असतो आणि त्यातून ३९० ओहमवाटे त्या ट्रायकला लागणारे ५० मिलिअँपिअर मिळत नाहीत. प्रोग्रॅममधल्या सगळ्या चुका येथेच काढून घ्याव्यात. येथे चूक झाली तर फार तर बोट भाजेल.

तात्पुरते रेझिस्टर बदलल्यावर, प्लग लावण्यापूर्वी, प्लगच्या फेज व न्यूट्रल पिना एकत्र करून त्या आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यातला रोध मल्टिमीटरच्या सर्वांत मोठ्या रेंजवर पाहावा. मीटरने रोधाचा कोणताही आकडा दाखवता कामा नये. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) असेल तर अर्डुइनो काढून ठेवून तेच मोजावे. १० मेगाओहमच्या खाली आकडा आला, तर मी तो बोर्ड पुन्हा धुतो आणि पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जात नाही.

मग सिरीज बोर्ड. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात तो असतो: फेजच्या मार्गात २०० वॅटचा बल्ब, त्यापुढे सॉकेट. डिमर त्यात लावावा आणि भार म्हणून ६० वॅटचा बल्ब घ्यावा. डब्यात कुठे शॉर्ट असेल तर बोर्डावरचा मोठा बल्ब लख्ख पेटेल आणि बाकी काही जळणार नाही. सर्व ठीक असेल तर तो जेमतेम लालसर होईल. झाकण बंद करूनच प्लग लावावा, एक हात पाठीमागे ठेवावा, पायात रबरी चप्पल असावी. लॅपटॉपची तार या टप्प्यात जोडू नये. प्रोग्रॅम बदलायचा झाला तर प्लग काढून बदलावा. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांनी त्याची ग्राउंडची क्लिप मेन लाइनच्या बाजूला कुठेही लावू नये, ती अर्थिंगशी जोडलेली असते आणि ठिणगीसकट दोन्ही यंत्रे जातात. दिव्यावरचा दाब मोजायचा असेल तर मीटर ‘ट्रू आरएमएस’ (लाट कशीही असली तरी खरा दाब मोजणारा) असावा. साधा मीटर तुटक लाटेवर चुकीचे आकडे दाखवतो आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

सिरीज बोर्डावर अर्धा तास नीट चालला की थेट लाइनवर लावून निम्म्या उजेडात दोन तास चालवावा. मग प्लग काढावा, मिनिटभर थांबावे, झाकण उघडावे आणि ३३ किलोओहमचे रेझिस्टर व ट्रायक यांच्या आसपासचा बोर्ड तपकिरी पडला आहे का ते पाहावे. ट्रायक बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि दिवा नॉबला न जुमानता पूर्ण पेटून राहतो. नॉब शून्यावर असताना होल्डर बंद आहे असे मानू नये. बल्ब बदलायचा तर दोन पोलचा स्विच बंद करून प्लगही काढावा.

एक शेवटचे काम लेबलाचे. झाकणाच्या आत आणि बाहेर ‘आत २३० व्होल्ट, प्लग काढल्याशिवाय उघडू नये, कमाल २०० वॅट, पंखा लावू नये’ असे मी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिप्यांत लिहितो, कारण चार वर्षांनी हा डबा जो उघडेल तो मराठी वाचणारा असेलच असे नाही. कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात. तो शब्द मोठ्या अक्षरांत, लाल रंगात लिहावा आणि त्याच्याखाली फ्यूजचा आकडाही लिहून ठेवावा, म्हणजे उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार गुंडाळणार नाही.